क्लिप्श ‘ला स्काला’ : हळू आवाजासाठी घेतलेले मोठे स्पीकर

क्लिप्श कंपनीचा ‘ला स्काला’ हा स्पीकर १९६३ साली तयार झाला, तो मुळात घरी गाणे ऐकण्यासाठी नव्हताच. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहू पाहणाऱ्या विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या प्रचारसभांत भाषण शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचावे, एवढ्यासाठी पॉल क्लिप्श यांनी तो बनवला. रॉकफेलर १९६४ ची निवडणूक हरले आणि १९६६ ची जिंकले. स्पीकर मात्र सभांमधून नाट्यगृहांत, चर्चमध्ये आणि हळूहळू लोकांच्या दिवाणखान्यांत शिरला. त्याची सत्तरच्या दशकातली एक जोडी आता ओहायोतल्या आमच्या घराच्या तळघरात आहे. तिच्याबद्दल माझे मत थोडक्यात असे, की मोठ्या आवाजासाठी घडवलेला हा स्पीकर खरा खुलतो तो हळू आवाजात, आणि रात्री घरातली मंडळी झोपल्यावर ख्याल ऐकणाऱ्या माणसासाठी त्याच्याइतकी समाधान देणारी वस्तू मी अद्याप ऐकलेली नाही. मात्र हे समाधान फुकट मिळत नाही. जागा द्यावी लागते, खर्जाच्या तळाशी तडजोड करावी लागते आणि थोडे डागकामही करावे लागते.

याआधी माझ्याकडे दोन ड्रायव्हरचे (म्हणजे आवाज काढणारे दोन पडदे असलेले), स्टँडवर ठेवायचे ब्रिटिश बनावटीचे छोटे स्पीकर होते. ते वाईट मुळीच नव्हते. आवाजाचा पोत मऊ, गायकाची जागा नेमकी कळायची, खोलीत अडचण शून्य. तक्रार एकच होती. आवाजाचे बटण ठरावीक जागेच्या वर नेले, की गाणे जागे व्हायचे. त्याखाली आणले, की तबला मागे सरायचा, तानेची धार बोथट व्हायची आणि सगळी मैफल पडद्याआड गेल्यासारखी वाटायची. अँप्लिफायर बदलून आणि तारा बदलून यात फारसा फरक पडला नाही, कारण मूळ दुसरीकडे होते.

त्या स्पीकरांची संवेदनशीलता ८६ डेसिबलच्या आसपास होती, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटर अंतरावर तेवढा आवाज. ला स्कालाचा हाच आकडा १०४ च्या घरात आहे. अठरा डेसिबलचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण हिशेब केला तर जो आवाज इथे एका वॅटमध्ये निघतो, त्यासाठी तिथे साठाहून अधिक वॅट लागतात. ही किमया हॉर्नची, म्हणजे पडद्यापुढच्या रुंदावत जाणाऱ्या कर्ण्याची. स्पीकरचा कागदी पडदा मोकळ्या हवेत हलतो तेव्हा त्याची बरीचशी मेहनत वाया जाते, कारण पडदा जड आणि हवा हलकी. हॉर्नच्या अरुंद घशात मात्र हवेचा पडद्यावरचा दाब वाढतो आणि पुढे तोंडापर्यंत तो हळूहळू खोलीच्या हवेशी जुळवला जातो. त्यामुळे तोच आवाज काढायला पडद्याला कितीतरी कमी हलावे लागते, आणि जो पडदा कमी हलतो तो चुकाही कमी करतो. १९२० आणि १९३० च्या दशकांत अँप्लिफायरची ताकद मोजक्या वॅटची असताना अख्खे चित्रपटगृह भरून काढायचे, ते याच तत्त्वावर. मुंबई-पुण्याच्या जुन्या एकपडदा थिएटरांत पडद्यामागे उभे असायचे ते असेच हॉर्नवाले स्पीकर होते. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले, घरे लहान झाली आणि घरगुती स्पीकरांतून हॉर्न जवळजवळ हद्दपार झाला.

माझी जोडी इंडियाना राज्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून दोन हजार डॉलरच्या आत मिळाली. नव्या ला स्कालाच्या जोडीला आज दहा हजारांहून बरेच अधिक मोजावे लागतात, हे लक्षात घेता किंमत वाजवी म्हणायची. उंची तीन फूट, रुंदी आणि खोली प्रत्येकी दोन फूट, वजन एकेकाचे ५५ किलोंच्या आसपास. आजोळच्या माजघरातली धान्याची कोठी आठवावी, असाच त्यांचा थाट आहे. प्लायवुडच्या कडा उघड्या दिसतात, पुढे जाळीचे कापड नाही, सजावट म्हणून काही नाही. घरात दोन माणसांचे एकमत असल्याशिवाय ही वस्तू आणू नये. आमचे एकमत तळघराच्या अटीवर झाले.

आत काय आहे ते पाहण्यासारखे आहे. खालच्या भागात पंधरा इंची वूफर, म्हणजे खर्जाचा ड्रायव्हर, बाहेरून दिसतच नाही. तो आतल्या पेटीत बसवलेला असून त्याचा आवाज दुमडलेल्या लाकडी मार्गाने दोन्ही अंगांनी पुढे येतो. वरच्या भागात ‘के-४००’ नावाचा ओतीव धातूचा हॉर्न आहे, जो कपाटाची जवळजवळ सगळी खोली व्यापतो, आणि त्याच्याजवळ छोटा ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा ड्रायव्हर, तोही हॉर्नचाच. वूफरचे काम ४०० हर्ट्झला (सेकंदाला ४०० कंपनांना) संपते, मधला हॉर्न तिथून ६००० हर्ट्झपर्यंत सांभाळतो आणि त्यापुढचे ट्वीटर पाहतो. ही वाटणी माझ्या मते या स्पीकरचे मर्म आहे. नेहमीच्या दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे सूत्रे जातात ती दोन-तीन हजार हर्ट्झला, म्हणजे आपला कान जिथे सर्वांत चिकित्सक असतो नेमक्या तिथे. इथे गळ्याचा रंग, शब्दांतली व्यंजने, तानेतला दाणेदारपणा, हार्मोनियमची सुरावट आणि तंबोऱ्याची जवारी यांचा मोठा भाग एकाच पडद्यातून येतो. मधे सांधा नाही.

याचा परिणाम कानाला कसा जाणवतो, ते एका उदाहरणाने सांगतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणात ते मध्येच मायक्रोफोनपासून मान वळवतात; जुन्या स्पीकरांवर तिथे आवाज फक्त लहान व्हायचा. ला स्कालावर मान वळल्याचे कळते, स्वर किंचित कोरडा होतो, सभागृहाची भिंत ऐकू येते आणि पुन्हा समोर येताना श्वास घेतल्याचाही सूक्ष्म आवाज येतो. हे सगळे बटण अगदी खाली असताना, शेजारच्या खोलीत बोलणे चालू राहील एवढ्याच आवाजात. दायाँवरचा चाटेचा आघात लगेच उमटतो आणि लगेच सरतो. ठेका दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा वाटत नाही. किशोरीताईंच्या आलापीत दोन स्वरांच्या मधली जी जागा असते, ती मोठ्या आवाजात बहुतेक चांगले स्पीकर दाखवतात. हळू आवाजात ती हातची जाऊ न देणे, हे इथे पहिल्यांदा अनुभवाला आले.

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेले संगीत तर या स्पीकरवर विशेष शोभते. १९२५ मध्ये विजेच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी गायक कर्ण्यातच तोंड घालून गात असत. त्या काळातल्या आणि त्यानंतरच्याही कितीतरी तबकड्यांत जे काही नोंदले गेले आहे, ते बहुतांशी या मधल्या हॉर्नच्या हद्दीत बसते. बालगंधर्वांची नाट्यपदे लावली, की खरखर आहे तिथेच राहते, पण ती गळ्याला चिकटून येत नाही. तिच्या मागे माणूस उभा असल्याचे स्पष्ट कळते. उलट, अलीकडची पुष्कळशी चित्रपटगीते, ज्यांत सगळेच आवाज सारख्या पातळीवर चेपून बसवलेले असतात, ती इथे दोन मिनिटांत कंटाळा आणतात. त्याला स्पीकरचा दोष म्हणावा का, हे ज्याने त्याने ठरवावे. मी म्हणत नाही.

खरे दोषही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला म्हणजे खर्ज. चाळीस हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, आणि एवढी लहर नीट पेलायची तर हॉर्नचे तोंड दरवाजाहून मोठे लागते. ‘क्लिप्शहॉर्न’ हा कंपनीचा १९४६ पासूनचा थोरला स्पीकर खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतींनाच हॉर्नचा पुढचा भाग बनवून ही अडचण सोडवतो. ला स्कालाला कोपरा लागत नाही, म्हणून तो कुठेही ठेवता येतो, पण म्हणूनच पन्नास-साठ हर्ट्झच्या खाली तो हात टेकतो. डग्ग्याची मींड भरीव येते, पखवाजाची थाप छातीशी लागते. पण चर्चच्या ऑर्गनचे सर्वांत खालचे स्वर किंवा आजच्या चित्रपटातला गडगडाट हवा असेल, तर सबवूफर, म्हणजे फक्त तळाच्या खर्जाचा वेगळा स्पीकर, जोडावाच लागतो. मी बंद पेटीचा एक लहानसा जोडला आहे आणि गायनासाठी तो बंदच ठेवतो, कारण हॉर्नचा खर्ज इतका चपळ आहे, की त्याच्यासोबत सबवूफर मागून धावत आल्यासारखा वाटतो.

दुसरा दोष लाकडाचा. डग्गा वाजत असताना कपाटाच्या बाजूच्या फळीवर तळहात ठेवला, तर ती स्पष्ट थरथरताना जाणवते. एका विशिष्ट पट्टीत आवाजाला पोकळ घुमारा येतो, तो हाच. कंपनीने पुढे ‘ला स्काला टू’ काढताना जाड एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) वापरले ते याच कारणासाठी. माझ्या जोडीत बाहेरची फळी आणि आतली पेटी यांच्यामध्ये, हॉर्नच्या मार्गात, प्लायवुडची एकेक आडवी पट्टी घट्ट बसवून घेतली. घुमारा बराच कमी झाला. के-४०० हॉर्नचा धातूही बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो. त्याला बाहेरून मोटारीच्या पत्र्याला लावतात ती डांबरी चिकटपट्टी लावली, आणि तार सप्तकातल्या खड्या आवाजाची जी किंचित बोचणी होती ती गेली.

सर्वांत अधिक फरक मात्र क्रॉसओव्हरने, म्हणजे तिन्ही ड्रायव्हरांना आपापला स्वरपट्टा वाटून देणाऱ्या सर्किटने, पडला. माझ्या जोडीत वरचा कप्पा मागून उघडाच आहे, त्यामुळे लाकडी पाटीवर बसवलेला ‘एए’ जातीचा क्रॉसओव्हर सहज हाती येतो : एक ऑटोट्रान्सफॉर्मर, एक मोठे कॉइल, ट्वीटर जळू नये म्हणून झेनर डायोड आणि तेल भरलेले पत्र्याचे कॅपॅसिटर. चार दशकांहून अधिक काळ गेल्यावर या कॅपॅसिटरांचा आतला रोध वाढतो आणि ट्वीटरपर्यंत पुरता सिग्नल पोचत नाही. विकणाऱ्या गृहस्थांनी ज्याला ‘जुन्या काळचा ऊबदार आवाज’ म्हटले होते, त्यात याचा वाटा मोठा होता. त्याच मूल्यांचे, १३ आणि २ मायक्रोफॅरडचे, नवे कॅपॅसिटर टाकल्यावर तंबोऱ्याच्या झंकाराला वरचा पदर परत आला. इथे एक सूचना आवश्यक आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी येण्यापूर्वीच्या तेलाच्या कॅपॅसिटरांत पीसीबी हे घातक रसायन असू शकते, म्हणून ते फोडू नयेत, कचऱ्यात टाकू नयेत. घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्यावेत.

ऑटोट्रान्सफॉर्मरचा उपयोग मला नंतर उमगला. त्यावरची तार एका टोकावरून दुसऱ्या टोकावर लावली, की मधल्या हॉर्नचा आवाज तीन डेसिबलने कमी-जास्त करता येतो. आमच्या तळघराचे छत ठेंगणे, जमीन सिमेंटची. गालिचा आणि पुस्तकांची मांडणी असूनही मधला भाग थोडा पुढे येत होता. एक पायरी खाली उतरल्यावर गायक मांडीवर बसायचा थांबला आणि आपल्या जागी जाऊन बसला. बसण्याचे अंतरही महत्त्वाचे. दहा फुटांच्या आत तीन ड्रायव्हर तीन ठिकाणांहून ऐकू येतात, त्यापलीकडे ते एक होतात. तिघांचे पडदे एका रेषेत नसल्याने त्यांचे आवाज एक-दोन मिलिसेकंदांच्या फरकाने पोचतात, असा जाणकारांचा जुना आक्षेप आहे आणि तो बरोबरच आहे. गायनात मला तो ऐकू येत नाही, एकल तबलावादनात काही बोलांच्या कडेला कधीमधी त्याची शंका येते.

अँप्लिफायरची निवड करताना वॅटचा विचार सोडून द्यावा आणि शांततेचा करावा. शंभर वॅटचा माझा आधीचा अँप्लिफायर इथे लावला, तेव्हा गाणे सुरू होण्याआधीच ट्वीटरमधून ‘स्स्स’ असा आवाज सोफ्यापर्यंत येत होता, आणि बटण जरा हलवले की घर दणाणायचे. मधली जागाच उरली नव्हती. आता ३०० बी जातीच्या व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा), जेमतेम आठ वॅटचा अँप्लिफायर आहे. त्याचा हलका गुणगुणाट हॉर्नच्या तोंडाशी कान नेला तरच ऐकू येतो, आणि आठातला एक वॅटही रोज खर्च होत असेल असे वाटत नाही. व्हॉल्व्हचा नाद ज्यांना नको, त्यांनी कमी ताकदीचा, कमी गेनचा (सिग्नल कमी पटीने वाढवणारा) क्लास-ए ट्रान्झिस्टर अँप्लिफायर घ्यावा. नवे व्हॉल्व्ह घेऊन ठेवण्याची कटकट वाचते.

पुण्यातल्या एका मित्राने हे सगळे ऐकून अशीच जोडी जहाजाने मागवावी का, असे विचारले. त्याला मी नको म्हटले. शंभराहून अधिक किलोंचे लाकूड समुद्रापार नेण्याचे भाडे आणि वर सीमाशुल्क, यांत जोडीची किंमत बुडून जाईल. ड्रायव्हर, मधले हॉर्न आणि क्रॉसओव्हरचे सुटे भाग सामानासारखे मागवता येतात. खालची पेटी म्हणजे सरळ फळ्या आणि तिरपे काप एवढेच आहे, त्यात गोलाई कुठेही नाही. चांगले बर्च प्लायवुड आणि काटकोनाला जपणारा सुतार मिळाला, तर ती पेटी तिथेच उभी राहील, आणि बाजूच्या फळ्या पाव इंच जास्त जाड घेतल्या तर माझ्या जोडीतला घुमारा त्याच्याकडे मुळातच नसेल.