आयनॅचरलिस्ट अ‍ॅप: भूमध्य समुद्रातील आक्रमक शेवाळांसाठी कितपत कामाचे?

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर हौसेने स्नॉर्केलिंग करणाऱ्याला बाहेरून आलेल्या आक्रमक शेवाळांची नोंद ठेवायची असेल, तर फोटोवरून सजीवाचे नाव सुचवणारे आणि नोंद ठेवणारे आयनॅचरलिस्ट हे मोफत अ‍ॅप जरूर वापरावे. मात्र ते सुचवील ते नाव डोळे झाकून स्वीकारू नये. नोंदीसाठी मी त्याला पाचपैकी पाच तारे देईन, ओळखीसाठी तीनच.

फोटोबरोबर तारीख आणि ठिकाण नोंदले जाते, किनाऱ्यावर नेटवर्क नसले तरी नोंद फोनमध्ये राहते आणि मागाहून पाठवता येते. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचे प्रजातीवर एकमत झाले की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ दर्जा मिळतो आणि योग्य परवाना दिलेला असल्यास ती जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जाते. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली १९८४ मध्ये कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे हिरवे शेवाळ दिसले, तेव्हा ते जेमतेम चौरस मीटरभर होते; पुढे ते फ्रान्स आणि इटलीच्या किनाऱ्यांवर हाताबाहेर गेले. इतक्या लहान ठिपक्याची वेळेवर नोंद होणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

कॉलर्पाची ओळख फोटोवरून बऱ्यापैकी पटते. टॅक्सिफोलियात मधल्या दांड्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर चपटी पाती असतात, तर कॉलर्पाच्याच सिलिंड्रेसिया या दुसऱ्या प्रजातीत आडव्या धावत्या देठावरच्या उभ्या फांद्यांना बारीक फुगीर मणी लगडलेले दिसतात. खरी पंचाईत रुगुलोप्टेरिक्स ओकामुरे या तपकिरी शेवाळाची आहे. मूळचे वायव्य पॅसिफिकमधले हे शेवाळ २०१५ मध्ये सेउता या उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्पॅनिश शहरात आढळल्यापासून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत अक्षरशः माजले, आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्याला आक्रमक प्रजातींच्या यादीत घातले. परंतु त्याच्या दुभंगत जाणाऱ्या चपट्या फिती डिक्टिओटा या स्थानिक शेवाळासारख्याच दिसतात, आणि खात्रीसाठी आडवा काप घेऊन कडेजवळ आतल्या पेशींचे एकाहून अधिक थर आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. कापाचा फोटो त्याच नोंदीत जोडता येतो. तो नसेल तर या दोन्ही शेवाळांच्या डिक्टिओटेसी कुळापाशीच थांबणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

नकाशाही जपून वाचावा. ठिपके माणसांची वर्दळ असलेल्या किनाऱ्यांवर दाटतात, त्यामुळे कोरा भाग म्हणजे शेवाळमुक्त भाग, असा अर्थ काढता येत नाही.

फोटो घेताना मापासाठी शेजारी एखादे नाणे ठेवावे आणि शेवाळ चिकटलेली जागाही टिपावी. कॉलर्पा मात्र नमुन्यासाठी स्वतः उपटू नये, कारण त्याच्या तुटलेल्या तुकड्यापासूनही नवी वाढ होते.