अंतराला पैकीच्या पैकी, वेळेला भोपळा

दोन ठिकाणांची नावं टाकली की विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणाऱ्या फुकट साइट्स असतात ना, त्यातल्या एकीचा हा रिव्ह्यू. नाव घेत नाही, बाकीच्याही एकाच माळेचे मणी आहेत. मुंबई-दुबईला ठीक चालतात, पण पॅसिफिकमधली लांबची बेटं टाकली की पितळ उघडं पडतं.

पिटकेर्न ते ईस्टर आयलंड टाकून बघा. नकाशावर लगेच लाल कमान, त्यावर इवलंसं विमान, अंतर २,०८० किमीच्या आसपास आणि खाली ठळक अक्षरात फ्लाइट टाइम, ३ तासांच्या जरा वर. अहो पण पिटकेर्नला विमानतळच नाहीये! पन्नासेक लोकांचं बेट, धावपट्टी वगैरे काही नाही. तिथून निघायचं तर आधी बोटीने मांगारेवा (फ्रेंच पॉलिनेशियातलं बेट), म्हणजे दीडेक दिवस नुसता समुद्र, मग विमानाने ताहिती, मग न्यूझीलंड नाहीतर अमेरिकेला वळसा घालून चिली, आणि सँटियागोहून पुन्हा पाच-साडेपाच तास पॅसिफिकवर उडत ईस्टर. ताहिती-ईस्टर थेट विमान पूर्वी होतं, ते कोविडमध्ये बंद पडलं. त्यात बोट काही रोज नसते. आणि हे म्हणे ३ तास.

अंतर मात्र चोख असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पृथ्वीच्या गोलाईवरून जवळात जवळचा मार्ग काढतात आणि सागरी मैलातही देतात (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी). घोळ वेळेचा आहे. अंतराला ताशी ८०० किमीने भागायचं, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास चिकटवायचा, झालं काम. ताहिती ते मांगारेवा साधारण १,६५० किमी, या हिशोबाने अडीच तास. पण तिथे जातं एटीआर, पंख्याचं विमान, ताशी ५०० च्या आसपास, त्यामुळे पावणेचार-चार तास बसून राहायची तयारी ठेवा.

किरिबाटीचं अजून वेगळं. तारावा आणि किरितिमाती एकाच देशातली बेटं, मध्ये ३,२०० किमीच्या वर समुद्र, साइटच्या मते साडेचार तासांचा प्रवास. पण बरीच वर्षं तिथल्या लोकांना स्वतःच्याच देशात जायला आधी खाली फिजी गाठायला लागायचं आणि तिथून परत वर.

तारखेचा तर पत्ताच नाही. सामोआतलं आपिया ते अमेरिकन सामोआतलं पागो पागो जेमतेम सव्वाशे किमी, छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पण मधून तारीखरेषा (जी ओलांडली की तारीख बदलते ती नकाशावरची रेषा) जाते, त्यामुळे सामोआतून सोमवारी निघालात की अमेरिकन सामोआत रविवारी उतरता! २०११ मध्ये सामोआने रेषेची बाजू बदलली तेव्हा ३० डिसेंबर हा दिवसच कॅलेंडरमधून गायब केला होता. साइटवर पोचायची वेळ दिसते, वार-तारीख काही नाही, आता पुढचं हॉटेल कुठल्या तारखेचं बुक करायचं ते तुम्हीच ठरवा.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही अंतराचे. शाळेच्या प्रोजेक्टला किंवा टाइमपासला बिनधास्त वापरा, तिकिटं काढायला मात्र विमान कंपनीचं टाइमटेबल आणि पिटकेर्नसाठी बोटीचं वेळापत्रक आधी उघडा. आणि डेव्हलपर मंडळी, जिथे विमानतळ नाही तिथे निदान ते 'स्वस्त तिकीट शोधा' बटण तरी काढा राव.