मुलांच्या कुतूहलावरून आठवडा आखणारी बालवाडी

पुण्याच्या कोथरूड परिसरातील एका मराठी बालवाडीत आमची मुलगी मोठ्या गटात शिकते. या बालवाडीची इमारत साधी आहे, अंगण लहान आहे आणि खेळणी बेताची आहेत. तरीही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी शोधणाऱ्या पालकांनी ती आवर्जून पाहावी असे मला वाटते. येथे पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे हे मुलांचे खेळणे, बोलणे आणि विचारणे पाहून ठरते, आणि एकदा ठरले की त्याची आखणी अतिशय बारकाईने होते. मी स्वतः प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे या कामाला किती पूर्वतयारी लागते याची मला कल्पना आहे.

बहुतेक बालवाड्यांत वर्षभराची विषयांची यादी जूनमध्येच तयार असते: फळांचा आठवडा, लाल रंगाचा दिवस, आपले मदतनीस, वाहने. अशा यादीमुळे शिक्षिकेचे काम सोपे होते आणि पालकांनाही पुढचे दिसते, पण ज्या दिवशी अंगणात गोगलगायी निघतात त्या दिवशीही वर्गात सफरचंदच रंगवले जाते. याउलट काही ठिकाणी मुलांच्या कलाने घ्यायचे म्हणून काहीच आखले जात नाही आणि मुले तासन्‌तास त्याच त्या ठोकळ्यांशी बसलेली दिसतात. ही बालवाडी या दोन्ही वाटांनी जात नाही.

येथील प्रत्येक ताईजवळ एक छोटी वही असते. मुक्त खेळाच्या वेळी एखादे मूल काही विचारते, चारचौघे मिळून एखादा खेळ रचतात किंवा कोणी एकाच वस्तूकडे पुन्हा पुन्हा वळते, तेव्हा ताई ते मुलाच्याच शब्दांत तारीख घालून लिहून ठेवतात. शुक्रवारी मुले घरी गेल्यावर दोन्ही ताई आणि मावशी एकत्र बसतात. मावशींना या बैठकीत बसवणे हा मला या बालवाडीचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण हात धुताना आणि डबा खाताना मुले जे मोकळेपणाने बोलतात ते बहुतेक वेळा त्यांच्याच कानावर पडते. या बैठकीत वहीतील नोंदी मोठ्याने वाचल्या जातात आणि काही साध्या प्रश्नांवर विचार होतो: ही गोष्ट किती मुलांना खुणावते आहे, ती आठवडाभर टिकेल का, मुलांना ती हाताळून पाहता येईल का, आणि तिच्यातून भाषा, मोजणी, हातांचे काम आणि एकमेकांशी वागणे यांपैकी काय साधेल. त्यानंतर एका मोठ्या कागदाच्या डाव्या बाजूला पुढच्या आठवड्याचा बेत लिहिला जातो आणि उजवी बाजू रिकामी ठेवली जाते. प्रत्यक्षात वर्गात जे घडेल ते रोज त्या रिकाम्या बाजूला लिहिले जाते. हा कागद दाराशी लावलेला असतो आणि कोणाही पालकाला तो वाचता येतो.

गेल्या हिवाळ्यात बालवाडीसमोरचा रस्ता पाण्याच्या वाहिनीसाठी खोदला गेला तेव्हा ही पद्धत कशी चालते ते मला जवळून पाहायला मिळाले. मुले सकाळी फाटकाशीच अडकून राहू लागली. अशा वेळी जेसीबीचे चित्र रंगवायला देणे हे कोणालाही सुचले असते. ताईंनी मात्र दोन दिवस काहीच सुरू केले नाही, त्यांनी फक्त ऐकले आणि लिहिले. नोंदींवरून असे दिसले की यंत्राची ओढ थोड्याच मुलांना होती. बाकीच्यांचे प्रश्न पाण्याविषयी होते. पाइप जमिनीत का पुरतात? आमच्या घरी पाणी वर कसे चढते? पाइपातले पाणी रात्री झोपते का? त्यामुळे आठवड्याचा बेत वाहनांवर न बेतता पाण्याच्या प्रवासावर बेतला गेला. कागद न वाचणाऱ्या पालकाला हा फरक जाणवलाही नसता, पण सगळे यश त्या फरकात होते.

वाळूच्या हौदात पाइपचे तुकडे, नरसाळी, बाटल्या आणि प्लास्टिकची नळी आली. एक टोक उंच धरले की दुसऱ्या टोकातून पाणी येते आणि खाली नेले की थांबते, हे मुलांनी स्वतः करून पाहिले. एका मुलीने नळीचे टोक बाटलीपेक्षा उंच धरून पाणी का येत नाही असे विचारले, तेव्हा ताईंनी उत्तर न देता तिला नळी हळूहळू खाली आणायला सांगितले, आणि पाणी येताच तिने आजूबाजूच्या सगळ्यांना बोलावून ते पुन्हा करून दाखवले. दुसऱ्या दिवशी सर्व मुलांना गच्चीवर नेऊन टाकी दाखवण्यात आली. एका पालकांच्या ओळखीचे नळकाम करणारे काका येऊन तोटी उघडून आतला वॉशर दाखवून गेले. पाइपचे तुकडे सुतळीने मोजून लांबीप्रमाणे लावले गेले, बादली भरायला किती तांबे लागतात ते मोजले गेले, आणि मोठ्या बादलीला जास्त तांबे का लागतात यावर मोठ्या गटात बराच वेळ चर्चा झाली. याच आठवड्यात मुलांच्या बोलण्यात खोरे, घमेले, पहार, मुकादम, तोटी हे शब्द सहज येऊ लागले.

लिहिण्याच्या बाबतीत जे घडले ते एक शिक्षिका म्हणून मला विशेष महत्त्वाचे वाटते. रस्त्यावर ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी पाटी होती. मुलांना हौदाजवळ तशीच पाटी हवी होती. ताईंनी ती त्यांच्यासमोर लिहून दाखवली आणि मोठ्या गटातील अनेकांनी ती आपापल्या परीने उतरवून काढली. अक्षरे वेडीवाकडी होती, काहींची उलटी होती, पण लिहिलेल्या चार शब्दांनी लोकांचे चालणे वळवता येते हे त्या मुलांना कळले होते. पहिलीत येणाऱ्या कित्येक मुलांना मुळाक्षरे घोटून पाठ असतात आणि तरीही लिहायचे कशासाठी हे माहीत नसते, हे मी दर वर्षी पाहते.

मुलांचे प्रत्येक कुतूहल एवढे ताणायचे नसते, हेही येथील ताईंना उत्तम समजते. पावसाळ्यात भिंतीवर गोगलगायी दिसल्या तेव्हा त्यांनी भिंगे दिली, गोगलगायीवरची एक गोष्ट सांगितली आणि मुलांचे लक्ष तिसऱ्या दिवशी दुसरीकडे गेल्यावर तो विषय सोडून दिला. गणपतीनंतरच्या मिरवणुकीच्या खेळातून मात्र ठेका आणि तालाचे काम बरेच दिवस चालले.

या पद्धतीला कोणी परदेशी फॅशन समजू नये. इटलीतील रेज्जो एमिलिया शहरात १९६३ मध्ये नगरपालिकेची पहिली बालशाळा सुरू झाली आणि मुलांच्या कामाच्या नोंदी भिंतीवर लावण्याची तेथील रीत जगभर पोहोचली हे खरे आहे. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी केलेले काम आपल्याकडे त्याही आधीपासून चालू होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवायची, आणि शिंपले, बिया, पाने हेच शिकण्याचे साहित्य मानायचे, हे त्यांनी करून दाखवले होते. २०२२ मध्ये जाहीर झालेला पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळावर आधारलेले असावे असे सांगतो. त्यामुळे आपले मूल सरकारी धोरणाबाहेर पडेल अशी भीती पालकांनी बाळगण्याचे कारण नाही.

काही उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. मुलांच्या बोलण्यावरून बेत ठरतो, तेव्हा जास्त बोलणाऱ्या मुलांचा बेत होण्याचा धोका असतोच. वर्गात एक-दोन अबोल मुले आहेत. त्यांच्या नावाच्या नोंदी वहीत फार विरळ आहेत, असे मला एका पालकसभेत दिसले. मी ते बोलून दाखवल्यावर ताईंनी लगेच मान्य केले आणि त्यानंतर बोलण्याबरोबर हातांच्या कामाच्याही नोंदी ठेवायला सुरुवात केली. तरी ही बाजू अजून पुरेशी भक्कम झालेली नाही. दुसरी अडचण मनुष्यबळाची आहे. एक ताई रजेवर असली की आखणी पुढे सरकत नाही आणि तो आठवडा गाणी, गोष्टी आणि मुक्त खेळ यांवरच निभावला जातो. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाबरोबरच्या गुणवत्ता मानकांत तीन ते सहा वयोगटातील वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी असे म्हटले आहे. एरवी हे प्रमाण येथे पाळले जाते, पण रजेच्या दिवसांत ते बिघडते. संस्थेने एक कायमस्वरूपी बदली ताई नेमली पाहिजे, त्यासाठी शुल्क थोडे वाढले तरी मी ते आनंदाने देईन.

तिसरी गोष्ट घरी काहीच येत नाही ही. रोजची वही भरून यावी, गृहपाठ असावा, इंग्रजी बडबडगीते म्हणून दाखवावीत अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांची येथे निराशा होईल. यात बालवाडीची चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण दाराशी लावलेला कागद वाचायला न येऊ शकणाऱ्या नोकरदार पालकांसाठी त्याचा फोटो आठवड्यातून एकदा पाठवणे अवघड नाही, आणि त्याने पालकांची बरीचशी काळजी कमी होईल.

बालवाडी सकाळी तीन तास भरते, दुपारची पाळणाघराची सोय नाही, आणि शुल्क परिसरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या मानाने बरेच कमी आहे. डबा घरचा असतो आणि तो सगळ्यांनी गोलात बसून खायचा असतो. प्रवेशाआधी पालकांना एक सकाळ वर्गात बसू देतात. ती सकाळ शक्यतो आठवड्याच्या शेवटी मागून घ्यावी, कारण तोपर्यंत दाराशी लावलेल्या कागदाची उजवी बाजू भरलेली असते, आणि ठरवलेल्यातले काय सोडले, काय वाढवले व कोणत्या मुलाच्या कोणत्या प्रश्नामुळे, हे सगळे तिथे वाचायला मिळते.