हिरड्यांची फ्लॅप शस्त्रक्रिया: नौपाड्यातील दवाखान्याचा अनुभव

आईच्या खालच्या दाढा हलू लागल्या होत्या, हिरड्यांतून पू येत होता आणि दुसऱ्या एका ठिकाणी सगळ्या दाढा काढून इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेले कृत्रिम दात) बसवण्याचा सल्ला मिळाला होता. म्हणून आम्ही ठाण्यात नौपाड्यातील या हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. येथे उपचार सुचवण्याआधी त्यांनी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खुणा असलेली बारीक सळई घालून दात आणि हिरडी यांमधील फटीची खोली मोजली. मदतनीस ताई आकडे मोठ्याने म्हणत तक्त्यावर लिहीत होत्या. निरोगी हिरडीत ही खोली १ ते ३ मिलिमीटर असते. दाढांपाशी ७ ऐकू आले, तेव्हा दुखणे किती पुढे गेले आहे हे आईला कोणी वेगळे सांगावे लागले नाही.

शस्त्रक्रियेची घाई त्यांनी केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मधुमेह असल्यामुळे आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) पाहिले, मग भूल देऊन मुळांपर्यंत खोल सफाई केली आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजून, जेथे फट ५ मिलिमीटरच्या वर राहिली होती तेवढ्याच भागाची फ्लॅप शस्त्रक्रिया ठरवली. एका दाढेबद्दल मात्र, ‘काकू, ही वाचणार नाही,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

शस्त्रक्रियेत हिरडी हाडापासून अलगद सोडवून मुळांवर चिकटलेला थर खरवडतात. आईच्या एका दाढेपाशी हाड खोलगट झिजले होते, तेथे ग्राफ्टची, म्हणजे झिजलेल्या हाडाच्या जागी भरायची, भुकटी भरून टाके घातले. एका वेळी एकच बाजू घेतल्यामुळे दुसऱ्या बाजूने मऊ भात खाता येत होता. सूज आली आणि उतरली. हिरडी आटून दात लांब दिसतील, गार पाणी झोंबेल, हे आधीच सांगितले होते व तसेच झाले. दातांच्या फटींत फिरवायचा छोटा ब्रश त्यांनी आईच्या हातात देऊन आरशासमोर शिकवला.

ग्राफ्टचा खर्च सुरुवातीच्या अंदाजात धरलेला नव्हता, ही माझी तक्रार आहे; तो आधीच लेखी मागून घ्यावा. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. गोखले रोडला संध्याकाळी गाडी लावणे अवघड जाते, त्यामुळे सकाळची वेळ घेतलेली बरी.