इंग्रजीच्या गृहपाठाला एआय चॅटबॉट: काही महिने वापरल्यावर

मुलीच्या इंग्रजीच्या गृहपाठासाठी गेले काही महिने आम्ही एक एआय चॅटबॉट वापरतोय. नाव मुद्दाम देत नाही, कारण असे बॉट आता बरेच आहेत आणि स्वभाव साधारण सारखाच. आयता निबंध हवा असेल तर पुढे वाचू नका. तो लिहितो झकास, पण मुलांच्या हाती काहीच लागत नाही.

खरा उपयोग तपासायला. तिथेही लगाम लागतो. नुसतं ‘निबंध तपास’ म्हटलं की हा अख्खा निबंध नव्यानं लिहून पुढ्यात टाकतो. म्हणून आधीच बजावायचं: दुरुस्ती करू नकोस, कुठल्या ओळीत कसली चूक आहे एवढंच सांग. मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे मुलांच्या लिखाणातून ‘द’ आणि ‘अ’ हमखास गळतात. ‘डिस्कस’नंतर उगाच ‘अबाउट’ चिकटतं. पूर्वी या चुका तो परस्पर दुरुस्त करायचा आणि हिला पत्ताही नसायचा. आता ‘चौथ्या ओळीत आर्टिकल राहिलंय’ एवढं कळलं की ती स्वतः शोधून लावते.

उताऱ्यावरच्या प्रश्नांना मात्र डोळे उघडे ठेवा. मधमाश्या का कमी होताहेत, यावर एक उतारा होता. त्यात कारणं दोनच: कीटकनाशकं आणि कमी झालेली फुलझाडं. याने तिसरं जोडलं, व्हरोआ नावाच्या परजीवी माइटचं (मधमाश्यांना चिकटणारा बारीक जीव). माहिती खरी, पण प्रश्न ‘उताऱ्यानुसार’ असा होता. तेव्हापासून प्रत्येक उत्तराला आधाराची ओळ मागतो, आणि ती उताऱ्यात खरंच आहे का तेही बघतो. कधीकधी ओळही त्याच्या मनची असते.

अनुमानाच्या, म्हणजे उत्तर उताऱ्यात थेट दिलेलं नसतं अशा प्रश्नांत मात्र त्यानं पैसे वसूल केले (फुकटची आवृत्ती आहे, तरी). उत्तर न देता उलट प्रश्न विचारायला सांगितलं होतं. एका उताऱ्यावर त्यानं विचारलं, ‘मुलगा घाबरलाय असं लेखकानं कुठे म्हटलंय?’ ही म्हणाली, ‘म्हटलं नाहीये, पण भरलेली बॅग तो परत भरतोय ना!’ हेच वाक्य तिनं मग इंग्रजीत लिहिलं.

गुण द्यायला सांगू नका. त्याच निबंधाला आज आठ, उद्या सहा. वर कौतुक ठरलेलं. शब्दसंख्याही आपणच मोजलेली बरी. निबंध आणि उताऱ्यांसाठी चालू ठेवणार आहोत. कवितेला नाही, तिथे कुठलीही कविता दिली तरी तो ‘आशा आणि संघर्ष’ काढून मोकळा होतो.