स्कीइंग न करणाऱ्यांसाठी बर्फ : मनाली की गुलमर्ग?

जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरू लागला, की रावेर-यावलकडचे केळी उत्पादक रात्री बागेच्या बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात, कारण त्या थंडीत केळीची वाढ थांबते. अशा मुलखातून मुद्दाम पैसे खर्च करून बर्फात राहायला जाण्याचा बेत आखला, की घरातली वडील माणसे पहिला प्रश्न विचारतात, तो म्हणजे तिथे जाऊन करायचे काय. स्कीइंग येत नाही, या वयात शिकायचेही नाही आणि घसरून हाडे मोडून घ्यायची तयारी नाही, अशा कुटुंबांसाठीच हा आढावा लिहीत आहे. आमच्या घरात हा प्रश्न दोनदा उभा राहिला. डिसेंबर २०२२ च्या अखेरच्या आठवड्यात आम्ही मनालीला गेलो आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गला. दोन्ही वेळी आम्ही पाचच जण होतो : पत्नी, दोन मुले, मी आणि सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रस्त असलेली आई.

भुसावळ किंवा जळगावहून निघणाऱ्यांना प्रवासाची सुरुवात दोन्हीकडे सारखीच आहे. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस आपल्याकडूनच जाते. मनालीला जायचे असेल तर अंबाल्याला उतरून पुढे चंदीगडमार्गे रस्त्याने जावे लागते, आणि काश्मीरला जायचे असेल तर ती थेट जम्मूपर्यंत नेते. आम्ही गेलो तेव्हा जम्मूपासून बनिहालपर्यंत गाडी करावी लागली होती आणि खोऱ्यातली रेल्वे तिथे मिळाली. जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरपर्यंत वंदे भारत धावू लागल्याने तो घाटातला टप्पा आता टाळता येतो. बनिहालनंतर येणारा पीर पंजालचा बोगदा ११ किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे. आम्ही बोगद्याच्या अलीकडे होतो तेव्हा डोंगर करडे होते, आणि पलीकडे काझीगुंडला बाहेर पडलो तेव्हा शेते, छपरे, चिनारांच्या फांद्या असे सारेच पांढरे झालेले होते. आईने बर्फ पहिल्यांदा मनसोक्त पाहिला तो त्या डब्याच्या खिडकीतून, आणि त्यासाठी तिला एक पाऊलही चालावे लागले नाही.

मनालीची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. स्कीइंग न करणाऱ्या माणसाला तिथे बर्फाशिवायही पुष्कळ काही आहे. देवदारांच्या राईतले १५५३ सालचे हिडिंबा मंदिर आहे, वशिष्ठ गावातली गरम पाण्याची कुंडे आहेत (आईच्या गुडघ्यांना त्या पाण्याने दोन दिवस खरोखर आराम पडला), नग्गरचा जुना लाकडी-दगडी वाडा आहे, आणि साजूक तुपाबरोबर वाफाळता सिड्डू (सारण भरून वाफवलेली तिथली जाड रोटी) देणारी लहान उपाहारगृहे आहेत. शाकाहारी जेवणाची अडचण नाही, राहण्याचा खर्च तुलनेने आटोक्यात राहतो आणि आपले नेहमीचे मोबाइल सिम चालते. एखाद्या वर्षी बर्फ पडलाच नाही, तरी सुटी वाया गेल्याची भावना येत नाही. मुलांना खेळायला, मोठ्यांना फिरायला आणि खरेदीला वाव हवा असेल, तर मनालीची निवड चुकीची आहे असे मी म्हणणार नाही.

माझे मत मात्र तिथल्या एका त्रासाने ठरले. मनाली गाव सुमारे २,००० मीटरवर आहे आणि गावात बर्फ दरवेळी टिकत नाही, म्हणून बर्फ पाहायला रोज सोलंग खोऱ्यात किंवा अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला जावे लागते. सोलंग जेमतेम १३-१४ किलोमीटरवर आहे. आम्ही सकाळी नऊला निघालो आणि पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. रस्ता एकच, त्यावर गाड्यांची अखंड रांग, आणि दोन्ही कडांना भाड्याचे बूट व कोट देणाऱ्या दुकानांपुढे थांबलेल्या आणखी गाड्या. एका जागी इतका वेळ पाय दुमडून बसल्यावर आईचे गुडघे आखडले, आणि वाटेत स्वच्छतागृह मिळेना म्हणून ती पाणीसुद्धा पीत नव्हती. हे तिने आम्हाला रात्री सांगितले. पोहोचल्यावर जो बर्फ होता तो हजारो पावलांनी तुडवून चिखलासारखा झालेला होता, आणि परतीच्या रांगेच्या धास्तीने चालकाने पाऊण तासातच गाडीकडे बोलावले. दुसऱ्या दिवशी आम्ही सहालाच निघालो, तेव्हा जाताना रस्ता मोकळा मिळाला, पण येताना पुन्हा तेच घडले. तीन दिवसांचा हिशेब मी गाडीतच बसून केला : बर्फावर आमचे पाय टेकले ते सगळे मिळून अडीच तासांच्या आसपास, आणि त्यासाठी आम्ही गाडीत काढलेले तास त्याच्या चौपटीहून अधिक.

ज्याला स्की करायचे आहे तो हा त्रास सोसतो, कारण उतारावरचा एक तास त्याला पुरतो. आपल्यासारख्याला बर्फाचा आनंद असतो तो बर्फाच्या सहवासात बसण्यात, रमतगमत चालण्यात, तो पडताना खिडकीतून पाहण्यात. तो आनंद वेळ मागतो, आणि मनालीत माझा वेळ रस्त्याने खाल्ला. नाताळ ते नववर्ष हा काळ टाळला तर चित्र वेगळे दिसू शकेल, हे मान्य आहे. तरी ताज्या हिमवृष्टीनंतर पुष्कळदा नेहरूकुंडाच्या पुढे फक्त चारही चाकांना गती मिळणाऱ्या गाड्याच सोडल्या जातात, म्हणजे तिथे गाडी बदलणे आले. शिवाय अलीकडच्या वर्षांत जानेवारीच्या उत्तरार्धापासून काही आठवडे, स्थानिक सणांच्या काळात, सिस्सूचे गावकरी पर्यटकांना येऊ देत नाहीत. त्यांचा तो निर्णय योग्यच आहे, आपण तारखा ठरवताना तो ध्यानात घ्यावा.

गुलमर्गमध्ये ही धावपळ नाही, कारण तिथे मुक्कामच बर्फात असतो. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि फेब्रुवारीत खोलीचे दार उघडले की पायरीपासून बर्फ सुरू होतो. खोलीत लाकडावर पेटणारी बुखारी, म्हणजे खोली ऊबदार ठेवणारी शेगडी, होती (ती पेटलेली असताना खिडकीची एक फट उघडी ठेवावी, हे विसरू नये), आणि तिच्याजवळ खुर्ची ओढून आई दिवसाचे चार-पाच तास देवदारांवर साचणारा बर्फ पाहत बसे. मुले अंगणातच खेळत. मी आणि पत्नी सकाळी यंत्राने मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून १९०२ साली बांधलेल्या सेंट मेरी चर्चपर्यंत चालत जाऊन, वाटेत कहवा (काश्मिरी चहा) घेऊन परतत असू. उंचावर जायचे तर गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यांचा रोपवे, आहे. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत नेतो आणि दुसरा अफरवत डोंगराच्या सुमारे ३,९५० मीटर उंचीवर. ज्यांना श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी पहिल्या टप्प्यावरच थांबलेले बरे, असे मला वाटते. आई तिथपर्यंत आली, आणि तिथून दिसणारे उतार तिला पुरेसे झाले. तिकिटे ऑनलाइन आणि बरीच आधी काढावी लागतात.

इथेही त्रास आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तनमर्गपासून वरचे १३ किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच जावे लागते. स्लेज (बर्फावरून घसरणारी लहान गाडी) ओढणारे आणि वाटाडे पाठपुरावा फार करतात, त्यामुळे दर आधी ठरवून घ्यावा किंवा स्पष्ट, पण सौम्य शब्दांत नाही म्हणावे. आई एकदा स्लेजवर बसली, आणि एक माणूस आपल्याला ओढतो आहे हे तिला पाहवेना, म्हणून अर्ध्यातच उतरली. ठरलेले पैसे तिने त्या तरुणाला पूर्ण द्यायला लावले. जेवण महाग आणि पर्याय मोजके आहेत, म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर नेल्याचा आम्हाला फार उपयोग झाला. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निदान एक तरी पोस्टपेड जोडणी हवी. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर घरच्यांच्या मनात धास्ती असणे स्वाभाविक आहे. निघण्याआधी प्रशासनाच्या सूचना पाहाव्यात आणि घरातल्या कोणाचे मन तयार नसेल तर आग्रह धरू नये.

बर्फाची खात्रीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२४ चा जवळजवळ संपूर्ण जानेवारी गुलमर्गमध्ये कोरडा गेला होता, आमच्या सुदैवाने महिनाअखेरीस हिमवृष्टी सुरू झाली. २०२५ मध्ये तर अपुऱ्या बर्फामुळे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे ४० दिवस, संपल्यानंतरचा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मला त्यातल्या त्यात भरवशाचा वाटतो.

गुलमर्गकडे माझा कल आहे, पण त्याला एक अट जोडतो. सहल कंपन्यांच्या बहुतेक कार्यक्रमांत गुलमर्ग ही श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची फेरी असते. तसे केले तर जाऊन-येऊन सुमारे १०० किलोमीटर, तनमर्गला गाडी बदलणे आणि गोंडोलाची रांग यांत दिवस संपतो, आणि मग सोलंगमध्ये व तिथे काहीच फरक उरत नाही. श्रीनगरमधली एक रात्र कमी करून गुलमर्गला किमान दोन रात्री राहावे. आमच्या पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे गोंडोला बंद होता आणि खाली उभ्या असलेल्या एकदिवसीय सहलीतल्या लोकांना तसेच परतावे लागले. आम्ही खोलीवर जाऊन बुखारीपाशी बसलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता वारा पडल्यावर आईला घेऊन वर गेलो.