लेकीच्या शाळेतला ‘शनिवार गट’: साडेतीन तारे

शाळेत नववीसाठी समवयस्क समुपदेशन गट सुरू झाला. सहा शनिवार, दर वेळी दीड तास, फी १२०० रुपये. मी आधी नाकच मुरडलं होतं. पोरंच पोरांना काय सल्ला देणार?

सल्ला द्यायचाच नसतो, हे नंतर कळलं. दहा जण गोल करून बसतात, सोबत एक समुपदेशक बाई आणि प्रशिक्षण घेतलेले दहावीतले ताई-दादा. तिसऱ्या शनिवारी ‘जोहरी खिडकी’ झाली. (नाव आपल्याकडचं वाटतं ना? १९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती मांडली. जो आणि हॅरी मिळून जोहरी!) स्वतःला लागू पडणारी विशेषणं आपण निवडायची, इतरांनीही आपल्यासाठी निवडायची, मग दोन्ही ताडून बघायची. लेकीने स्वतःसाठी ‘लाजाळू’वर खूण केली. सात जणांनी तिच्यासाठी ‘विनोदी’ निवडलं. मी भाकरी थापत होते, तिने तीनदा विचारलं, “आई, मी खरंच विनोदी आहे?” आहेसच की! पण आईचं कोण ऐकतं.

खटकलं ते हे: खोली स्टाफरूमला लागून, म्हणजे गुप्ततेचे तीनतेरा. एका मुलाने सांगितलेली गोष्ट सोमवारी वर्गभर झाली. बाईंनी तो विषय पुढच्या वेळी गटातच काढला, हे आवडलं. पालकांना मात्र कुणी अवाक्षर कळवलं नाही.

मूल फारच खचलेलं असेल तर एवढ्यावर विसंबू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

धाकट्याला घालणार, खोली बदलली तर.